तिसरं कार्ड

रविवारी दुपारी चारला, बोहरी आळीत,
मुर्तझाभाईंच्या दुकानावरच्या माळ्यावर
खिळ्यांच्या पोत्याला पाठ टेकून
मी तीन कार्डं निवडत बसतो.
एक हल्ल्याचं, एक राखणीचं, एक वाटचालीचं.

तीन मी मांडायची, त्यातलं एक समोरच्यानं उचलायचं,
आणि मग दोघांनीही तेच खेळायचं.
खानावळीत तीन भाज्या सांगून ठेवाव्यात
आणि ताटात कुठली पडणार ते वाढप्यानं ठरवावं,
तसं.
तीनही पचायला हव्यात.

आरमार म्हणाल तर मधोमध म्हैस.
वळायला तिला तीन फेऱ्या लागतात,
पण एकदा तोंड वळलं की समोर कुणी टिकत नाही.
बाजूला चार टेम्पो, करडे,
कारण खिडकीच्या ग्रिलचा रंग उरला होता.
आणि एक बारकं, बिननावाचं,
शेपटी मोडलेली, मी घाईत उलटी चिकटवलेली.
सगळे मिळून चारशे गुण. पुरेपूर.
शाल्मली दर वेळी आठ-दहा गुण मोकळे सोडते,
ज्याचे गुण कमी, निवडायचा मान त्याचा.
मला सोडवत नाहीत.
भोसरीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या मालातला फरक मोजतोय.

सात वर्षं मी एकच ठेवत आलो:
शत्रूचं मुख्य जहाज गाठा, बुडवा.
डोक्यातलं आरमार वेगळंच होतं ना,
सडपातळ, वाऱ्यासारखं,
ते काही मी कधी विकत घेतलं नाही.
टेबलावर म्हैस धापा टाकत निघायची
आणि मध्यावर पोचेपर्यंत खेळ संपलेला असायचा.

एकदा पाव किलो चुका तोलता तोलता
मुर्तझाभाई वर न बघताच म्हणाले,
"म्हशीला शर्यतीत कशाला उतरवता साहेब?
दारात बसवा की तिला."

म्हणून आज सगळी कार्डं नवी.
पहिलं: जवळ येईल त्याला दुप्पट मार.
दुसरं: ठाणं राखा, आणि ठाणं माझ्याच पायाशी.
तिसरं: धुळीचा पट्टा,
आत शिरेल त्याचा वेग एक.
माझा तसाही एकच आहे.

शाल्मली धनकवडीची, अकरावीतली.
तिनं कार्डं वाचलीच नाहीत जवळजवळ.
माझ्या जहाजांकडे बघत राहिली,
डॉक्टर जीभ बघतात तसं.
मग तिसऱ्यावर बोट ठेवलं.

आणि आली नाही.
धुळीच्या कडेकडेनं तिच्या चिमण्या फिरल्या,
बाहेरचे गुण टिपत, एकेक, निवांत.
पाच फेऱ्या माझी म्हैस दारात बसून होती
आणि दारावरून कुणी गेलंसुद्धा नाही.
माझ्या आरमाराला काय सोसेल
एवढंच मी बघितलं होतं.
तिला यायलाच नको असेल, हे कुठे बघितलं?

तिसऱ्या फेरीतच मी तोंड वळवायला घेतलं होतं.
सहाव्यात म्हैस पूर्ण वळली.
समोर तिची शेवटची चिमणी, पाठमोरी.
पट्टी लावली. पोचल्यासारखं वाटत होतं.
"चालेल काका, धरा," शाल्मली म्हणाली.
मी पिशवीतून व्हर्निअर काढला.
चार मिलिमीटर कमी.
"नाही चालणार," मी म्हणालो,
आणि फासे परत डबीत टाकले.

मुर्तझाभाईंनी खालून चहा पाठवला, दोनच कप,
बाकीच्यांनी बशीत घेतला.
ती आपली चिमणी कापसात गुंडाळत होती.
"पुढच्या वेळी गुण सोडून बघा की, काका," म्हणाली.
बघू, म्हटलं.

मनपाहून भोसरीची बस. मांडीवर डबा.
कुठले आठ सोडावेत?
बारक्याची शेपटी काढली तर दोन येतील.
शेजारच्यानं विचारलं, काय आहे हो, जड दिसतंय?
म्हैस, मी म्हणालो.
तो जरा सरकून बसला.